नाळेकडची जागा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या लाँच संस्थेचे चेअरमन आदरणीय लालासाहेब, व्यासपीठावरचे पंचायतीचे आणि शाळेचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपली लाँच चालवणारे तांडेल बाळासो शेलार, आणि सकाळच्या लाँचने पाणी ओलांडून आलेल्या माझ्या करंजदऱ्याच्या सगळ्या वडीलधाऱ्यांनो, आयाबहिणींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलं, हा माझा मान समजते. बोलताना माझं लक्ष सारखं खिडकीकडे जातंय, त्याबद्दल रागावू नका. तुमचंही जातंय. महाबळेश्वराकडून वारा सुटलाय, धक्क्याला बांधलेली लाँच दोर ओढतेय, आणि तिची किल्ली अध्यक्षांसमोर टेबलावर, नारळाशेजारी पडली आहे. ती तिथे कशी आली हे सर्वांनी पाहिलं. निरोपाची शाल अंगावर पडल्याबरोबर तांडेलांनी ती खिशातून काढून ठेवली आणि म्हणाले, "शाल घेतली. आता चाकाला हात लावणार न्हाई." लोक हसले. मग हसू हळूहळू थांबलं, कारण घरी जायचंय सगळ्यांना.

तांडेल चेष्टा करत नाहीयेत. उन्हाची तिरीप पाण्यावर आली की त्यांना समोरचं दिसत नाही. हे त्यांनी संस्थेला पावसाळ्याआधीच सांगितलं होतं. संस्थेने काय केलं, ते आभाराच्या भाषणात बोलू नये असं मला वाटत होतं. पण त्याकडे मी येणारच आहे.

आधी तांडेलांविषयी. मंडळी, आपण डोंगरातली माणसं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा आपल्याकडे होडीला शब्दच नव्हता, नदी उन्हाळ्यात पायी ओलांडायची सवय. बाळासो मुंबईच्या गोदीत हमालीला गेले, तिथून पडावावर खलाशी झाले आणि परत येताना ट्रंकेत एक घोंगडी आणि तोंडात एक नवी भाषा घेऊन आले. लाँचच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणायचं, हे त्यांनी शिकवलं. दोर ओढायला 'हबेस', सोडायला 'आरिया'. आज आपल्या खाचरात बैल रुतला तर माणसं 'हबेस' म्हणतात. आमच्याकडची सुईणसुद्धा 'हबेस' म्हणते. याहून जास्त मी व्यासपीठावरून सांगू नये.

पण 'आरिया' मात्र कुणी म्हणायचं नाही. तो शब्द तांडेलांचा. त्यांनी म्हटल्याशिवाय धक्क्यावरचा दोर सुटत नाही, मग लाँचमध्ये मामलेदार बसलेले असोत. आणि दुसरा नियम, लाँचवर 'बुडालं' म्हणायचं नाही. विचार करा, ज्यांची घरं, खळी, देवळं पाण्यात गेली त्या माणसांना हा नियम! माझे वडील, आण्णा, अजूनही लाँचमध्ये बोट दाखवून सांगतात, "आमचं घर तितं खाली हाय." जणू जिना उतरला की सापडेल.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती मी पाहिलेली नाही, पण आमच्या घरात ती इतक्यांदा सांगितली जाते की मी तिथे होते असं मलाच वाटतं. लाँच नवी होती. बाजाराचा दिवस. अध्यक्षांच्या मातोश्री अंबूबाई पुढे नाळेकडे ऐसपैस बसल्या, शेजारी त्यांचं गाठोडं. आणि आमच्या वस्तीची माणसं आपापलीच मागे, इंजिनाच्या धुरात, एकमेकांच्या मांडीवर. कुणी तसं सांगितलं नव्हतं. जुन्या गावात पाणवठा जसा वेगळा होता, तसे पाय आपोआप वळले.

लाँच मागून दबली, नाळ वर उचलली. तांडेल आले, पाहिलं, आणि धक्क्यावर बसून बिडी पेटवली. लालासाहेबांचे वडील म्हणाले, "चल की रं, बाळासो." तांडेल म्हणाले, "मागं लय वजन झालंय. नाळंला माणूस पायजे." "मग उठीव की मागची." "मी कुणाला उठवत न्हाई. वजन सारखं झालं की आरिया म्हणतो."

ऊन डोक्यावर आलं. कोंबड्यांच्या पाट्यांत कोंबड्या गप्प झाल्या. तांडेलांची दुसरी बिडी संपली. शेवटी अंबूबाईंनीच गाठोडं मांडीवर घेतलं आणि मागे वळून माझ्या आईला, लक्ष्मीबाईला, हाक मारली, "ये गं लक्ष्मे, बस हितं. बाजार उठायची येळ झाली."

यात कुणाचं मन एका क्षणात बदललं असं मी म्हणणार नाही. अंबूआज्जींना मिरच्या विकायच्या होत्या. पण आई उठली, पुढे गेली, बसली. नाळ खाली आली आणि तांडेल म्हणाले, "आरिया." तेव्हापासून आपल्या लाँचवर जागा वजनानं मिळते. आपण ते इतकं गृहीत धरलंय की लाँचमध्ये चढल्यावर प्रत्येक जण आधी तांडेलांना विचारतो, मी कुठं बसू? महाविद्यालयात समतेवर मी निबंध लिहिले, बक्षिसंही घेतली. पण तो शब्द वाचताना माझ्या डोळ्यांसमोर दरवेळी आपली लाँचच आली.

मेढ्याच्या शाळेत आणि पुढे साताऱ्याच्या कॉलेजात मी याच लाँचने गेले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. सुट्टीत तांडेल मला चाकाशी उभं करत आणि पाठीमागून ओरडत, "लाट बगलंला घिऊ नगं, नाळंवर घे!" आधी गंमत होती. मग त्यांचे डोळे अधू होऊ लागले आणि गंमत राहिली नाही. मी रीतसर परीक्षा दिली. लाँच चालवण्याचा परवाना माझ्याकडे आहे आणि तो संस्थेला दाखवलेला आहे.

अध्यक्ष महाराज घड्याळ पाहताहेत. मीही वारा पाहतेय. लवकर आवरते.

संस्था म्हणाली, कोकणातून माणूस बघू. माणूस आला नाही. संस्था म्हणाली, पुढच्या बैठकीत बघू. बैठक झाली नाही. माझ्या घरीही काही वेगळं नाही. साताऱ्याच्या एका कचेरीत मला कारकुनीची जागा मिळाली आहे आणि येत्या सोमवारी हजर व्हायचं आहे. आण्णा तिसऱ्या रांगेत, आईजवळ, खाली बघत बसलेत. त्यांनी मला विचारलं होतं, "बीए काय लाँचवर वारा खायला केलीस?" आण्णा, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधावर राबलात, मला खुर्ची मिळावी, हे तुमचं मागणं चूक नाही. पण सोमवारी मी खुर्चीत बसले आणि लाँच धक्क्याला बांधून राहिली, तर आपल्या वस्तीतली, सगळ्या करंजदऱ्यातली पुढची मुलगी कॉलेजात कशानं जाईल?

आणि अंबूआज्जी तर चावडीत सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "पोरीच्या हातात चाक दिलं तर मी मेढ्याला डोंगरानं चालत जाईन." आज्जी, तुमचे गुडघे मला माहीत आहेत.

म्हणून निरोपाच्या या भाषणात मी मागणी करतेय, लाँचचं चाक माझ्या हातात द्या. रीत मोडते हे कळतं. पण आता आपण सगळे या किनाऱ्यावर आहोत, गुरं पलीकडे गोठ्यात आहेत, आणि थोड्या वेळानं वारा असा वाढेल की मलाही लाँच काढता येणार नाही. निर्णय बैठकीत नको, इथेच व्हावा. नाही म्हणालात तर मी राग धरणार नाही. रात्री इथेच शाळेत सगळ्यांच्या भाकरी थापायला बसेन आणि सोमवारी साताऱ्याला जाईन.

तांडेल, तुमचे आभार कसे मानू? तुम्ही आम्हाला शब्द दिलेत आणि जागा दिलीत. संस्थेनं मला बोलू दिलं, पाहुण्यांनी निमूट ऐकून घेतलं, त्यांचे आभार. बोलण्याच्या भरात वडीलधाऱ्यांचा कुठे अधिकउणा शब्दानं अवमान झाला असेल, तर घरची लेक म्हणून पोटात घालावा. इथेच थांबते.

नाही, जरा थांबा. अंबूआज्जी उठून उभ्या राहिल्यात. त्यांनी पिशवी उचललीय. बोला आज्जी.

मागच्यांना ऐकू आलं नसेल म्हणून सांगते. आज्जी मला विचारताहेत, "मग मी कुठं बसू गं?"

नाळेकडं, आज्जी. आईशेजारी.

अध्यक्ष महाराज, तेवढी किल्ली इकडे द्यावी, ही नम्र विनंती.