सत्कारानंतरची गाडी

१९९९ साली सांगलीच्या स्टँडवर मी आटपाडीच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर पटकेवाले वडील आणि कॉलेजातून सत्काराची शाल घेऊन निघालेला त्यांचा मुलगा बसले होते.

"साईराज, समद्या कॉलेजाचं इंटरनेट तुझ्या कॉम्प्युटरातनं जातंय म्हनं. लय वाखाणलं सायबांनी."

"आप्पा, कॉम्प्युटर मी जोडला. पण इंटरनेटला वाट दावणारा प्रोग्राम माझा न्हाई."

"मग कुणाचा?"

"परदेशातल्या लोकांनी लिहून सगळ्यांना फुकट दिलाय. मी अडलो तवा त्यातल्याच एकानं ईमेलवरनं शिकवलं."

"सायब तर म्हनले, तूच बनवलाय."

"मीच तसं सांगितलं हुतं."

"आन् आज माईकवर?"

"खरं सांगायला उठलो हुतो. तुमी पहिल्या रांगेत डोळं पुसत हुता."

"त्या शिकवणाऱ्याचं नाव तरी घ्यायचंस."

"न्हाई घेतलं."

"गाडी लागली बघ. तू जा."

"आणि तुमी?"

"फाट्यावर तुझी आई हलगीवाले घेऊन उभी हाय. त्यास्नी काय सांगायचं ते सांग. मी मागच्या गाडीनं येतो."