मोजायच्या आधी

सकाळी सातला, हृदयाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी, मुलाने वडिलांची लघवीची पिशवी संडासात ओतली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर थोरली बहीण त्याला फैलावर घेत होती.

“नर्सने मोजायच्या आधी ओतलीस?”

“बाबांना लाज वाटत होती, ताई. भेटायला माणसं येणार.”

“किती होती?”

“अर्धी... की कमीच? घाईत होतो गं.”

“अरे शहाण्या, किडनी चालतेय की नाही ते त्यावरूनच बघतात!”

“रक्तही नेलंय ना? रक्तवाहिन्या वाढवणारं कसलंसं प्रथिन मोजून किडनीला इजा झालीय का, याचा अंदाज येतो म्हणाले.”

“तो रिपोर्ट संध्याकाळी. तोवर डॉक्टरांना काय सांगू, आमचा भाऊ फार टापटिपीचा आहे?”

साडेनऊला नर्स बाहेर आली. पिशवीत अजून काहीच उतरलं नव्हतं.