तोवर म्हंजे कुठवर?

...आनि वर मलाच इचारतो, "आजी, तोवर म्हणजे कुठवर?" तुमाला सांगते, ह्या एका शब्दावर आमच्या तळवलीतली दोन घरं शंभराच्या वर वर्षं भांडतायत, नि हा प्लॉटच्या हापिसातला सायेब आत्ता इचारतो!

झालं काय, माझ्या सासऱ्याचा आजा जोमा. त्यानं शेजारच्या धाकूकडनं खाडीकाठचं खाजन, भरतीच्या पान्याखालची खारी जमीन, घेतलं. कागदावर लिवलं, 'भरती येते तोवर जागा जोमाची.' बाराला कागद झाला, एकाला पानी आलं, नि धाकू बांधावर उभा! "आली भरती! नीघ!" जोमा म्हनतो, "अरं, पानी येत राहील तोवर! जलमभर!" झालं! ठान्याच्या कोर्टात धाकू जिंकला, जोमानं हायकोर्टात अपील टाकलं. होडीनं मुंबईला जायाचं, सुकी मासली बांधून... गोरा सायेब दुभाष्याला इचारतो, "टोवर म्हंजे कुटवर?" दुभाषा नुसता घाम पुसतोय! शेवटी सायेबानं लिवलं, समुद्र काय एकदा येऊन थांबत नाय, भरती येत राहील तोवर जागा जोमाची. जिंकलो की ओ!

आनि आता? खाजनावर सरकारचा भराव, भरावावर सोसायट्या. जागा ज्याची त्याला बदल्यात प्लॉट, म्हंजे माझ्या नातवाला, रणजीतला, सोताचं घर. तर धाकूची पनतसून, ती शकुबाई, हापिसात माझ्या आधी हजर! "सायेब, भरती थांबली, कागद संपला, जागा आमची." कोर्टात हरलेलं घर, पन कागद कसा तोंडपाठ!

थांबली? अमावास्येला भर दुपारी नेलं सायेबाला भरावावरल्या सोसायटीत, शकुबाई हायेच मागनं. "अहो आजी, माझा डबा राहिलाय..." म्हनलं, ऱ्हाऊ दे. साडेबाराला गटाराचं झाकन हललं... बुडबुडे... नि खारं पानी भसाभसा वर! सायेबाचे बूट भिजले, नि झाकनाखालनं ही एवढी चिंबोरी, नांग्या वर करून, जशी साक्षीलाच आली! "बघा सायेब, आली का नाय भरती? तोवर म्हंजे इथवर!" शकुबाईचं तोंड एवढंसं झालं. (साक्षीदार मातर तिनंच पदरात घातला, कालवनाला!)

सायेबानं डायरी काढली, लिवलं. म्हनलं, वाचा, वाचा! तर वाचतो कसा, "गटार तुंबले आहे. फाइल सफाई खात्याकडे."

घ्या! हायकोर्टात जिंकलेलं अपील गटारात! "आनि माझा प्लॉट ओ?"

"सफाईचा शेरा येतो तोवर थांबा, आजी."

तोवर!... मी बाई इचारलंच नाय, कुठवर.