साहेबांचं सिमल्याचं झुडूप

नोकरीची भीती मला सांगू नका! पनवेलच्या कचेरीत होतो, तेव्हाची गोष्ट. आमच्या सोवळ्या साहेबांनी सिमल्याहून एक फुलझाड आणून बंगल्यात लावलं. रजेवर जाताना मला म्हणाले, "बर्फातलं झुडूप आहे. पहिलं फूल देवाला वाहायचंय. मेलं तर तुमची बदली."

एप्रिलात पानं करपली आणि माझं जेवणच सुटलं. रोज बंदरावरून बर्फ आणून मुळाशी, एकुलत्या एका कळीवरही घालू लागलो. कोळीण बजावायची, "भाऊ, मासलीवरचा बरफ हाय हा, सरबतात टाकू नका!"

साहेब परतले त्याच दिवशी फूल उमललं. त्यांनी ते देवाला वाहिलं, तशी आळीतली सगळी मांजरं देव्हाऱ्यापुढे येऊन बसली. मी घाईघाईनं आणखी चार उदबत्त्या पेटवल्या.

साहेब हात जोडून म्हणाले, "पाहिलंत? मुकी जनावरंसुद्धा दर्शनाला आली!"