दगडावरचा डाग

…ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय, इकडे बस. आणि जपून, कार्पेट ओलं आहे. शैलेंद्र? शैलेंद्र नाहीये. पॅन्ट्रीत पाय घसरून पडला – रिसेप्शनवरची भावना टॅक्सीनं हॉस्पिटलात घेऊन गेली त्याला. फार नाही गं, जबड्याला थोडं लागलंय. तू ऑफरचं बोल, राधिका. तुझ्या साहेबांनी, संजीवनं, पाचपर्यंतचीच मुदत ठेवलीय ना? म्हणजे गळ्यावर सुरी ठेवायची आणि वर घड्याळ दाखवायचं. तुमची कंपनी केवढी, आमची केवढी – दोघांचीही ऑफिसं इथंच, पाया लेबारच्या या एकाच मॉलच्या वरच्या मजल्यांवर – आणि निघालात आम्हाला गिळायला. आमचे तीन शेअर घेणार, तुमचा एक देणार. बुद्धपौर्णिमेला माझ्या घरी खीर खाल्लीस, उज्ज्वलकाका म्हणत दुसरी वाटी मागितलीस. काकाला कोणी असं सोलतं का?

शैलेंद्रनं सही केलीय, माहीत आहे मला. पण अर्धी कंपनी माझी आहे, माझ्या सहीशिवाय तो कागद रद्दी. जुरोंग आयलंडच्या बसमध्ये शेजारी बसायचो आम्ही, दुसऱ्याच्या रिफायनरीत राबायला जायचो. एका डब्यात जेवायचो. त्याच बसमध्ये ठरवलं, स्वतःची तेलाची विहीर खोदायची. आणि आज सकाळी हा माणूस मला सांगतो – विकून टाक, संजीवला निकाल कळायच्या आत सही कर, पोरांचे पगार तरी निघतील. निकाल म्हणजे – काही नाही, बोलण्याची पद्धत त्याची. हसत म्हणाला. ते हसू बघून माझं – नाही, घसरलाच तो. सांगितलं ना तुला.

विहिरीत तेल आहे. तू आत्ता संजीवला फोन लाव, म्हण काका एकास एक मागतायत. पुरावा? हा बघ. सुमात्राच्या आमच्या विहिरीतून काढलेला दगड, कोअर म्हणतात याला. मनगटाएवढा जाड, हातभर लांब. उचलून बघ. एका टोकाला घट्ट धरला आणि खांद्यापासून फिरवला, तर समोरच्याचा दात थेट टेबलाखाली जातो. म्हणजे, जाऊ शकतो. माझ्या हाताकडे काय बघतेस? कड लागली, म्हणून रुमाल बांधलाय.

तू हिशेबातली, तुला चाचणी ठाऊक नसेल. सुक्या दगडावर पाण्याचा थेंब टाकायचा. आत तेल असेल तर थेंब मण्यासारखा वर बसतो. नसेल तर दगड पिऊन टाकतो. शैलेंद्रनंही टाकला, इथंच, भावनासमोर. काय झालं? काय व्हायचंय – त्यानं मुद्दाम वाईट जागा निवडली. वर माझ्या खांद्यावर हात ठेवला, मयताला आल्यासारखा. माझ्या खांद्यावर. तो हात उपटून त्याच्याच घशात घालायला हवा होता मी. एकदाच मारलं. दोनदा. खाली पडल्यावर नाही मारलं – नसेन मारलं. भावना किंचाळत होती, कोणाला आठवतंय.

टाक तू. ग्लास घे, बोट बुडव, टाक. …दुसरा टाक. तिकडे. …अजून तिकडे.

दगड गरम असेल, म्हणून पितोय. एसी बंद होता मघाशी. हं, तिथं काळपट आहे ना, तेलकट? तिथं टाक, मी तेच म्हणत होतो, तेल तिथंच – थांब. तिथं नको. राधिका, बोट काढ. वास नको घेऊस त्याचा.

तांबूस नाहीये. उजेड तसा पडलाय.

कागद पर्समध्ये का घालतेस? पाच वाजायचेत अजून. ठेव इथं, मी करतो सही, तीनास एक तर तीनास एक, पेन दे – डाव्या हातानं करतो, उजव्यात धरवत नाही. तू काही पाहिलं नाहीस. संजीवला दगडाचं काही सांगायचं नाही, समजलं? दाराकडे जाऊ नकोस. बस म्हणतोय ना. भावनासुद्धा सकाळी अशीच दाराकडे –

…माझ्या हातात? हा दगड? मी कधी उचलला हा?

बेसिन डावीकडे आहे. बोट धू. आणि जा तू.