बाहेरची कडी

पोरगी तिसरीत गेली, आपल्या हातानं जेवाय लागली, तवा कुटं मी नांद्याला शालनकडं, माझ्या मैत्रिणीकडं, हळदीकुंकवाला गेले. पोरगी लहान व्हती तवा तिला आत ठिवून भाईरनं कडी घालून रानात जायचे. त्या दिशी ती शाळेत, नवरा रातपाळी करून आत झोपलेला, तरी सवयीनं कडी घातलीच. आमचे भाडेकरू सगळे हिंजवडीला कामाला, कडी काढाय घराकडं कुणीच न्हाई.

सांजच्याला आले तर पायरीवर पोरगी, खिडकीचे गज धरून नवरा. मी पळत जाऊन कडी काढली.

"अगं, कडी का न्हाई काढलीस?"

"तूच म्हणतीस, आई आल्याबिगर कडीला हात लावायचा न्हाई."

नवरा म्हणाला, "पुन्यांदा जाऊन तर बघ."

पोरगी म्हणाली, "जा गं आई खुशाल. माझ्या डब्यातली चपाती पप्पांना खिडकीतनं दिली. रडले न्हाईत."