चौकशीचा हवालदार

काळुराम: भाकरी नको, आत्या. आधी पाणी दे. आणि खरं सांग, हवालदार घरी आलेला का?

तुळसा: कनचा हवालदार? बस तर आधी. तोंड बघ कसा उतरलाय.

काळुराम: उतरणारच. आज पाचव्यांदा ठाण्याच्या कचेरीत गेलेलो. पासपोर्टाची फी भरली, फोटो दिले, हेडमास्तरांनी जामीन म्हणून सही केली. आणि आज साहेब म्हणतो, पोलीस चौकशीचा रिपोर्ट उलटा आलाय. ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. कुठे आहे ते घरच्यांना माहीत नाही.’

तुळसा: आता गं बाय!

काळुराम: घरचे म्हणजे तू. या घरात आपण दोघंच आहोत.

तुळसा: आला असंल कोन खाकीतला. दारूबंदी झाल्यापासून खाकी दिसली का सगला गाव हेच बोलतो, घरात कोन नाय, आमाला ठावं नाय. शेजारच्या गोदूला इचार. तिच्या नवऱ्याला भट्टीपायी सा महिने आत टाकला.

काळुराम: आपल्या घरात भट्टी आहे का?

तुळसा: नाय. पन तोंडाला सवय लागली ना रे.

काळुराम: अगं, तो मला पकडायला नव्हता आलेला! मी इथे राहतो का, एवढंच विचारायचं होतं त्याला. नुसतं ‘हो’ म्हणायचंस. ऑगस्टात बोट सुटते. सप्टेंबरात अमेरिकेच्या कॉलेजात हजर नाही झालो, तर माझी जागा दुसऱ्याला देतात. शेतकीची ही एक स्कॉलरशिप, तिच्यासाठी दोन वर्षं चपला झिजवल्या मी.

तुळसा: चुकला माजा. घाबरली मी.

काळुराम: मरू दे. तुझ्यावर चिडून काय मिळणार? पण आत्या, फायलीत दोन तारखा आहेत.

तुळसा: कसल्या?

काळुराम: पहिल्यांदा तो चैत्रात आलेला. त्यानंतर मी तुला समोर बसवून समजावलं, चौकशीला येतील, घाबरू नको, आहे ते सांग. आठवतं? मग ज्येष्ठात परत आला. तरी उत्तर तेच.

(तुळसा चुलीपाशी जाऊन बसते.)

काळुराम: आत्या, मी काय विचारतोय?

तुळसा: दुसऱ्यांदा नाय घाबरली मी.

काळुराम: मग?

तुळसा: त्याला बसवला, चाय दिला. बरा मानूस व्हता. बोलला, म्हातारे, पोरगा शिकाया लांब चाललाय, नसीब काढलास. मी बोलली, पोरगा हितं ऱ्हात नाय.

काळुराम: जाणूनबुजून? का गं? माझं वाटोळं करायचं होतं तुला?

तुळसा: माजा भिवा जाताना पन असाच बोललेला, दोन वर्सांत येतो. लढाईच्या साली बोटीवर खलाशी म्हनून गेला. बारा वर्सा झाली. बोट बुडाली का कुठं उतरला, कोन सांगनार? गोदीत जाऊन इचारला, तर मुकादम बोलला, असला नाव आमच्याकडं लिवलेला नाय. माज्या पोटचा पोर, नि कागदावर त्याचा नाव नाय! भाव मेल्यावर तुला मी वाढवला. तू पन गेलास तर मी कोनाच्या दारात जाऊन इचारू?

काळुराम: माझं नाव लिहून लिहून हात मोडून आलाय, आत्या. इथे चौकशी, पैसे न्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी, व्हिसाला बोटांचे ठसे. तिथे पोचलो तरी सुटका नाही. दर जानेवारीत पोस्टात जाऊन कार्ड भरायचं, मी अमुक ठिकाणी राहतो. खोली बदलली तर दहा दिवसांत कळवायचं. चोरावर ठेवावी तशी नजर.

तुळसा: आनि नाय कलवला तर?

काळुराम: तर शोधत येतात.

तुळसा: कोन?

काळुराम: त्यांचं सरकार.

तुळसा: एका पोरासाटी?

काळुराम: एक काय नि शंभर काय. बाहेरचा पोरगा कुठे आहे, ते त्यांना कळलंच पाहिजे. शिक्षण सोडून भटकायला लागला तर धरून परत पाठवतात.

तुळसा: घरी?

काळुराम: घरीच की, अजून कुठे? कंटाळलोय मी, आत्या. आधी इथे भीक मागितल्यासारखं उभं राहायचं, मग तिथे. तुझ्या मनात नसेल तर उद्याच कागद फाडतो. खरंच, जीव नाही राहिला अंगात.

तुळसा: गप रे. येडा हायस का? कागदाला हात लावून तर बघ.

काळुराम: मग आता?

तुळसा: तो हवालदार परत कंदी येनार?

काळुराम: हातापाया पडलो, तेव्हा साहेब म्हणाला, या आठवड्यात आणखी एकदा पाठवतो. वार नाही सांगितला. यानंतर नाही.

तुळसा: उद्यापासून भाताच्या लावनीला तू जा. मी दारातून हलत नाय.